आधी आवाज, मग चेहरा

शिरोली एमआयडीसीतल्या एका लहान फाउंड्रीचं नेटवर्क मी बघतो. दर मंगळवारी सकाळी अकराला त्यांची चाकणच्या ग्राहकाबरोबर व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, असते. कुठल्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल (हवेचे खड्डे) निघाले, कुठला लॉट परत आला, पुढचा माल कधी सुटणार, एवढंच बोलणं. पण त्या अर्ध्या तासावर महिन्याची ऑर्डर ठरते. मध्यंतरी तीन-चार आठवडे ही मीटिंग लागोपाठ बिघडली. सुरुवातीची पाच मिनिटं बरी जायची, मग आवाज तुटायला लागायचा, चेहरे गोठायचे आणि तिकडचे साहेब कंटाळून सरळ मोबाइलवर फोन लावायचे. मालकांनी माझ्या हातात यादी ठेवली: नवा भारी कॅमेरा, मोठा नेट प्लॅन आणि ऑफिसातल्या बाराही जणांसाठी मीटिंगचं पैसे भरायचं लायसन्स. मी म्हटलं, "मालक, आठ दिवस द्या. आवाज नेमका कुठं अडतोय ते आधी बघू."

यातलं काहीच शेवटी घ्यावं लागलं नाही. का, ते समजायचं तर इंटरनेटवरून आवाज जातो कसा, तिथून सुरुवात करायला हवी.

तुम्ही बोलता तेव्हा माइकवर हवेचा दाब सतत बदलत असतो. कॉम्प्युटर हा दाब सेकंदाला साधारण ४८,००० वेळा मोजतो. नंतर या आकड्यांचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडले जातात. म्हणजे एका तुकड्यात ९६० आकडे आणि सेकंदाला ५० तुकडे. जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला साडेसात लाखांहून जास्त बिट लागतील. म्हणून प्रत्येक तुकडा आधी दाबून बारीक केला जातो. हे काम करणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. आज बहुतेक ब्राउझरमध्ये त्यासाठी ओपस नावाचा कोडेक आहे. २०१२ साली तो प्रमाण म्हणून जाहीर झाला आणि वापरायला कुणालाही पैसे पडत नाहीत. स्वस्त व्हीसीचा एक मोठा आधार हाच आहे. माणसाचं बोलणं ओपस सेकंदाला ३२ हजार बिटांत अगदी स्वच्छ बसवतो.

आता हे तुकडे निघाले. प्रत्येक तुकड्याचं एक पॅकेट आणि त्यावर पत्ता. ईमेल किंवा फाइल पाठवताना वाटेत पॅकेट हरवलं तर पलीकडची बाजू ते परत मागवते, येईपर्यंत थांबते. रजिस्टर पोस्टाची पोच यावी तसं. बोलण्यात हे चालत नाही. "माल शनिवारी सुटेल" यातला 'श' अर्ध्या सेकंदानं उशिरा आला तर त्याचा उपयोग काय? तोवर वाक्य पुढं गेलेलं असतं. म्हणून व्हीसीची पॅकेटं शक्यतो यूडीपी नावाच्या साध्या पद्धतीनं जातात: पाठवलं की पाठवलं, पोच नाही. हरवलेल्या तुकड्याच्या जागी कोडेक मागच्या आवाजावरून अंदाजानं भर घालतो, आणि लाइन खराब दिसली तर पुढच्या पॅकेटात मागच्या तुकड्याची एक हलकी प्रत सोबत देतो. अधूनमधून एखादं पॅकेट हरवलं तर कानाला कळतही नाही.

कानाला जाणवतो तो उशीर, आणि त्याहून जास्त कमीजास्त होणारा उशीर. एकदा पॅकेट ४० मिलिसेकंदांत पोचलं, पुढचं १२० मध्ये, त्यापुढचं ६० मध्ये, तर आवाज धक्के खात येईल. त्यावर उपाय म्हणून ऐकणाऱ्याचं मशीन पॅकेटं थोडी साठवून मग एका लयीत वाजवतं. साठवण वाढवली की धक्के कमी होतात, पण उशीर वाढतो. बोललेलं पलीकडं पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर संभाषण सहज वाटतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे. उशीर त्याच्या बराच पुढं गेला की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "तुम्ही बोला, तुम्ही बोला" सुरू होतं. माणसं उतावीळ नसतात. लाइन त्यांना तसं करायला लावते.

हा उशीर येतो कुठून? शिरोली ते चाकण रस्त्यानं अडीचशेएक किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एवढ्या अंतराला दीड मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. तार मुंबईवरून वळसा घेऊन गेली तरी फार फरक पडत नाही. अंतर दोषी नाही. दोषी असते रांग, आणि ती बहुतेक वेळा आपल्याच ऑफिसातल्या राउटरमध्ये असते.

फाउंड्रीत मी मंगळवारी अकराच्या आधीच जाऊन बसलो. एका काळ्या खिडकीत पिंग लावून ठेवला: बाहेरच्या सर्व्हरला सतत हाक मारायची आणि उत्तर किती वेळात येतं ते बघत राहायचं. १८, १९, १८, २०. अकरा वाजून पाच मिनिटांनी आकडे चढायला लागले: ९०, ३१०, ७४०. अकाउंट्सच्या ताईंना विचारलं, आत्ता कुठलं काम सुरू झालं का? त्या म्हणाल्या, "काही नाही हो, टॅलीचा बॅकअप आपोआप जातो वर, अकराच्या चहाच्या वेळेला."

एवढंच होतं. त्यांच्या लाइनचा अपलोड १० एमबीपीएस. बॅकअपची फाइल मिळेल तेवढी जागा घेते, आणि जे मावत नाही ते राउटर रांगेत उभं करतो. रांगेत १ एमबी जरी साठलं तरी ते रिकामं व्हायला ०.८ सेकंद लागतात. आवाजाचं चिमुकलं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहतं. स्पीड टेस्ट मात्र उरलेल्या दिवसभर उत्तम दाखवायची, कारण तेव्हा रांगच नसायची. प्लॅन वाढवून हा त्रास कदाचित थोडा हलका झाला असता, गेला नसता. बॅकअपची वेळ रात्री अकरावर नेली आणि राउटरमध्ये वर जाणाऱ्या फाइलींना मर्यादा घातली. खर्च शून्य. मीटिंगच्या लॅपटॉपला वाय-फायवरून काढून थेट वायर दिली, कारण पत्र्याच्या शेडमध्ये वाय-फायच्या लहरी चहूकडून आदळून परत येतात आणि त्यांचा भरवसा नसतो. वायरचा तेवढा खर्च झाला.

दुसरी तक्रार होती घुमण्याची. केबिनमध्ये मालकांचा लॅपटॉप आणि टेबलापलीकडं क्वालिटीवाल्यांचा लॅपटॉप, दोन्ही एकाच मीटिंगमध्ये. सुरू झालं की शिट्टीसारखा आवाज. मीटिंगच्या प्रोग्रॅमला माहीत असतं की आपण स्पीकरला आत्ता कुठला आवाज दिला. तोच आवाज खोलीत फिरून माइकमध्ये शिरला की प्रोग्रॅम तो ओळखतो आणि वजा करतो. म्हणून साध्या लॅपटॉपवर हेडफोन न लावता बोलता येतं. पण शेजारच्या लॅपटॉपच्या स्पीकरमधून काय निघतंय हे त्याला कसं कळणार? त्याच्या दृष्टीनं ते खोलीतल्या माणसाचं बोलणंच. ते तो परत पाठवतो, ते पुन्हा येतं, आणि फेरे सुरू होतात. एका खोलीत आवाज एकाच मशीनचा. दुसऱ्यावर माइक आणि स्पीकर दोन्ही बंद. फक्त माइक बंद करून भागत नाही, हे मी प्रत्येक ठिकाणी दोनदा सांगतो.

पंख्याची किंवा कॉम्प्रेसरची एकसुरी घरघर प्रोग्रॅम बऱ्यापैकी काढतो. फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग साफ करण्याच्या, हातोड्याचा ठोका अचानक येतो, तो काढणं त्याला जड जातं, आणि काढताना बोलण्याचेही लचके तुटतात. अशा जागी दोन-अडीच हजारांच्या आतला, तोंडाजवळ दांडी असलेला यूएसबी हेडसेट कुठल्याही भारी कॅमेऱ्यापेक्षा जास्त काम करतो.

आता चित्र. १२८० बाय ७२० ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला ३० वेळा, न दाबता पाठवायचं तर सेकंदाला सुमारे ६६ कोटी बिट होतात. कोडेक ते दीड मेगाबिटपर्यंत आणतो, कारण तुमच्या मागची भिंत बदलत नाही; तो बहुतेक वेळा फक्त बदल पाठवतो. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीनं १९७० साली पिट्सबर्गमध्ये पिक्चरफोन सुरू केला तेव्हा महिन्याला १६० डॉलर मोजावे लागायचे आणि त्यात अर्धा तास बोलणं मिळायचं. ती सेवा चालली नाही. आज तेच काम चहाच्या पैशात होतं, त्यामागं हे दाबण्याचं गणित आहे आणि सगळ्यांनी मिळून वापरायची तार आहे.

तरीही दाबल्यानंतरचा फरक बघा. दीड मेगाबिटनं तासभर चित्र पाठवलं तर ६७५ एमबी. आवाज, पॅकेटांवरच्या पत्त्यांचं ओझं धरूनही, २० ते २५ एमबी. गावाकडच्या डेपोतून किंवा ट्रकजवळून मोबाइल डेटावर जोडलेल्या माणसाला पहिल्यांदा कॅमेरा बंद करायला सांगायचं ते यासाठी. चित्र गेलं तर मीटिंग चालते, आवाज गेला तर मीटिंगच राहत नाही.

माणसं वाढली की कोडं बदलतं. पाच जण एकमेकांना थेट जोडले तर प्रत्येकाला आपलं चित्र चार वेळा वर पाठवावं लागेल. साध्या लाइनला ते झेपत नाही. म्हणून मध्ये एक सर्व्हर असतो. प्रत्येक जण त्याला एकदाच पाठवतो, आणि तो बाकीच्यांना वाटतो. ऑफिसच्या राउटरमागचं मशीन बाहेरून दिसत नाही, जसा ईपीएबीएक्सचा एक्स्टेन्शन नंबर बाहेरच्याला लागत नाही; ती अडचणही मधल्या सर्व्हरमुळं सुटते, कारण जोडणी आतून बाहेर केलेली असते. ब्राउझरमध्ये काही न बसवता लिंक उघडली की मीटिंग सुरू होते, ती वेबआरटीसी नावाच्या खुल्या तंत्रामुळं. गूगलनं ते २०११ मध्ये खुलं केलं.

फुकटच्या मर्यादा या सर्व्हरपाशीच समजतात. दहा जणांच्या मीटिंगमध्ये सर्व्हरकडं दहा चित्रं येतात, पण त्याच्याकडून ९० निघतात. हा भार कुणीतरी उचलतो. म्हणून झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत संपते, गूगल मीटवर तिघे किंवा जास्त असले तर ६० मिनिटांत. दोन्हीकडं १०० जणांपर्यंत. व्हॉट्सअॅपच्या ग्रुप कॉलला ३२ जण. अर्ध्या तासाच्या मंगळवारच्या मीटिंगला यातलं काहीही पुरतं.

पैसे भरायचेच असतील तर एक गोष्ट नीट समजून घ्या: वेळेची मर्यादा साधारणपणे मीटिंग लावणाऱ्याच्या खात्यावरून ठरते, येणाऱ्यांच्या नाही. बारा माणसांच्या ऑफिसात मीटिंग लावतात दोघं. लायसन्स त्या दोघांचं घ्या. विक्रेता बाराचाच आकडा पुढं करणार, आणि मालकाला वाटतं की प्रत्येकाला लागतंच. या एका गैरसमजापायी लहान कारखान्यांचे पैसे दर वर्षी जाताना मी बघतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

तिसरी वाट स्वतःच्या सर्व्हरची. जित्सी नावाचा मुक्त प्रोग्रॅम आहे. २००३ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग विद्यापीठात एमिल इवोव या विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून तो सुरू झाला. बल्गेरियन भाषेत या नावाचा अर्थ तारा, वायरी. चार कोअर आणि आठ जीबी रॅमचा सर्व्हर भाड्यानं घेऊन तो चालवता येतो. यूडीपीचं १०,००० नंबरचं दार उघडं ठेवायला विसरलात तर दोघांतच चित्र दिसतं आणि तिसरा आला की गडबड होते. तिथंच निम्मे लोक अडकतात. प्रत्येकी अर्धा मेगाबिट धरला तरी दहा जणांना सर्व्हरमधून ४५ एमबीपीएस बाहेर पडतात, तेवढं भाड्यात बसतं का ते बघायचं. मशीन आपलं असलं की बोलणं तिसऱ्याच्या सर्व्हरवरून जात नाही, हा मोठा फायदा. कारण पूर्ण गुप्तता चालू केलेली नसेल तर मधला सर्व्हर पॅकेटं उलगडू शकतो. पण त्याचे अपडेट बघणारं माणूस हवं. फाउंड्रीत तसं कुणी नव्हतं, म्हणून मी तो सुचवला नाही. डॉक्टरांच्या किंवा वकिलांच्या ऑफिसला मात्र आवर्जून सुचवतो.

कुठलंही साधन घेतलं तरी दुसरी वाट ठरवून ठेवा. स्काइप २००३ पासून लोक वापरत होते, मे २०२५ मध्ये ते बंद झालं. आमची दुसरी वाट साधी आहे: मोबाइलचा मर्ज कॉल. त्यात बाहेरचे पाच जण घेता येतात, नेट लागत नाही.

एक काम मात्र चित्राशिवाय होत नाही. ड्रॉइंग दाखवताना कॅमेऱ्यासमोर कागद धरला की मापं पुसट होतात, कारण कॅमेऱ्याच्या चित्रात कोडेक हालचाल जपतो, बारकावा सोडतो. स्क्रीन शेअर केली की तो उलट वागतो: फ्रेम कमी, अक्षरं स्वच्छ. झूमवर शेअर करताना व्हिडिओ क्लिपसाठीची खूण काढून ठेवायची, नाहीतर तिथंही मापं विरघळतात. आणि कास्टिंग दाखवायचं तर लॅपटॉपच्या कॅमेऱ्यानं नाही. फोन दुसरा मेंबर म्हणून मीटिंगमध्ये घ्यायचा, माइक-स्पीकर बंद करून, आणि मागच्या कॅमेऱ्यानं दाखवायचं. ट्यूबलाइट समोरून मारली की पृष्ठभाग सपाट दिसतो. टॉर्च बाजूनं, जवळजवळ कास्टिंगला टेकवून धरली की खड्ड्याची सावली पडते.

परवाच्या मंगळवारी क्वालिटीवाले तसेच उभे होते, एका हातात फोन, दुसऱ्यात टॉर्च. मालक हेडसेट लावून. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, पिंग १९ वर होता. चाकणहून आवाज आला, "थांबा, थांबा. फ्लॅंजची ती कड परत घ्या. थोडं डावीकडं. हां, दिसलं."