नाव मोठं, विमान जुनं!

परवा कँटीनमध्ये एक मैत्रीण नवीकोरी निळी बॅग घेऊन आली. वर पांढऱ्या अक्षरांत ‘पॅन ॲम’. ‘कुठला ब्रँड गं?’ विचारलं तर म्हणाली, ‘काय माहीत, पण कसली रेट्रो दिसतेय ना!’ टेबलावरच्या एकाला ‘कॅच मी इफ यू कॅन’मधला पायलटच्या वेशातला लिओनार्डो आठवला, दुसरीला ‘नीरजा’. दोघंही बरोबर होते. बॅग सगळ्यांना आवडली, पण ती कंपनी एकदा नाही, तीन-तीनदा बंद पडलीय हे कुणालाच माहीत नव्हतं.

पॅन अमेरिकन, म्हणजे पॅन ॲम, १९२७ मध्ये फ्लोरिडातल्या की वेस्टहून हवानाला टपाल नेत सुरू झाली. १९५८ मध्ये तिने बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला नेलं. जानेवारी १९७० मध्ये जम्बो जेट, म्हणजे ७४७ने प्रवासी नेणारी पहिली कंपनीही तीच. आपल्या मुंबईतही तिचं येणं-जाणं होतं. ५ सप्टेंबर १९८६ला कराचीत अपहरण झालेलं विमान मुंबईहूनच निघालं होतं. प्रवाशांना वाचवताना जीव गमावलेली नीरजा भनोत तेव्हा २२ वर्षांची होती. माझ्याच वयाची. हे टाइप करतानाही अंगावर काटा येतो.

पण कंपनीचा हिशेब तोवर पार बिघडला होता. आधी न्यूयॉर्कची इमारत विकली, मग पॅसिफिकवरचे मार्ग विकले. १९८८ मध्ये लॉकरबीचा बॉम्बस्फोट झाला, २७० जण गेले. ४ डिसेंबर १९९१ला पॅन ॲम थांबली.

नाव मात्र शिल्लक राहिलं, आणि खरी गंमत इथून सुरू होते.

इनिंग दुसरी आणि तिसरी

१९९३ मध्ये साधारण १३ लाख डॉलर्सना फक्त नाव आणि लोगो विकला गेला. विमानं नाहीत, मार्ग नाहीत, नुसतं नाव! सप्टेंबर १९९६ मध्ये ही नवी पॅन ॲम एअरबस ए ३०० घेऊन उडाली. पुढच्याच वर्षी तिने कार्निव्हल नावाची दुसरी एअरलाइन स्वतःत विलीन करून घेतली. एकीचा तोटा भरत नव्हता, त्यात दुसरीचा आला. फेब्रुवारी १९९८ मध्ये दिवाळखोरी.

मग नाव घेतलं कुणी? तर मालगाड्या चालवणाऱ्या गिलफर्ड नावाच्या रेल्वे कंपनीने! १९९९ मध्ये तिसरी पॅन ॲम उडाली, तीही जुन्या बोइंग ७२७वर. न्यूयॉर्क-लंडन वगैरे विसरा. हिचा तळ न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला, हवाई दलाच्या जुन्या तळावर. ऑरलँडोऐवजी जवळचं सॅनफर्ड, शिकागोऐवजी शेजारचं गॅरी. म्हणजे पुण्याला जायचंय आणि गाडी लोणावळ्यालाच थांबली, तसं काहीसं.

आयडिया वाईट नव्हती. छोट्या विमानतळांवर गर्दी कमी, खर्चही कमी. पण ७२७ला इंजिनं तीन, कॉकपिटमध्ये माणसंही तीन. इंधन आणि पगार दोन्ही जास्त. विमानं मोजकी, त्यामुळे एक जरी बिघडलं तरी टाइमटेबलचे तीनतेरा. त्यात ९/११नंतर सगळ्या विमान व्यवसायालाच मार बसला. २००४ मध्ये कंपनीने उड्डाणं आपल्याच दुसऱ्या कंपनीकडे वळवली. पायलट्सची संघटना कोर्टात गेली. शेवटी २००८ मध्ये अमेरिकी सरकारने या दुसऱ्या कंपनीची आर्थिक स्थिती, व्यवस्थापन आणि नियमपालन यांवर बोट ठेवत परवानगी नाकारली. तिसऱ्यांदा पडदा.

आपल्याकडे काय झालं?

हसण्याआधी जरा घरात बघूया. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ला थांबली. नवे मालक आले, पुनरुज्जीवनाचा आराखडा २०२१ मध्ये मंजूर झाला, २०२२ मध्ये उड्डाणाचा परवानाही परत मिळाला. ‘जेट परत येतेय’ म्हणून सगळे खूश. पण एकही प्रवासी विमान उडालं नाही. ७ नोव्हेंबर २०२४ला सुप्रीम कोर्टाने कंपनीची मालमत्ता विकून टाकण्याचा आदेश दिला. थकलेल्या पगाराची वाट बघणाऱ्यांना या नॉस्टॅल्जियाचा काय उपयोग झाला?

जुन्या नावाने पहिलं तिकीट खपतं, कारण कुणाच्या तरी बाबांची त्यात आठवण असते. दुसरं तिकीट काढताना आपण ॲपवर भाडं बघतो, वेळ बघतो. तिथे नावाचा उपयोग संपतो. उलट नाव मोठं असलं की अपेक्षाही मोठी. साध्या छोट्या कंपनीचं विमान दोन तास लेट झालं तर लोक चिडतात. पॅन ॲमचं झालं तर ‘हीच का ती?’ म्हणतात.

आपल्यातले कितीतरी जण केबिन क्रू, ग्राउंड स्टाफचे कोर्स करतायत. उद्या एखादं गाजलेलं नाव परत आलं आणि जॉब ऑफर आली, तर युनिफॉर्मवर भाळण्याआधी तीन गोष्टी विचारा: विमानं किती आणि केवढी जुनी? पैसा कुणाचा? परवाना चालू आहे का?

आणि हो, तिसऱ्या डावानंतरही गिलफर्डने नाव सोडलं नाही. २००६ मध्ये तिने रेल्वेलाच ‘पॅन ॲम’ म्हणायला सुरुवात केली. पुढे बरीच वर्षं जगभर फिरलेला तो निळा गोल मालगाडीच्या डब्यांवर बसून अमेरिकेच्या ईशान्येत फिरत होता. मैत्रिणीला हे सांगितलं, तर बॅगेकडे बघून म्हणाली, ‘म्हणजे लोकलमध्ये न्यायला हरकत नाही!’