पडण्याची वर्दी : वृद्धांचे स्वावलंबन आणि अंगावर वागवावयाचे संवेदक

एकट्याने राहणारी वृद्ध व्यक्ती घरात पडली म्हणजे तिच्यापुढे दोन निरनिराळी संकटे उभी राहतात. पडण्याने झालेली इजा हे पहिले. आणि उठता न आल्यामुळे, कोणी येईपर्यंत जमिनीवर काढावा लागणारा काळ हे दुसरे. पहिल्याकडे सर्वांचे लक्ष जाते; दुसरे सहसा दुर्लक्षित राहते. हाड न मोडताही जी व्यक्ती कित्येक तास एकाच कुशीवर पडून राहते, तिच्या शरीरातील पाणी कमी होते, दाबाखालील त्वचेवर व्रण पडतात, थंड हवेत शरीराचे तापमान उतरते, आणि चेपल्या गेलेल्या स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळल्याने मूत्रपिंडांनाही अपाय पोहोचू शकतो. वृद्धांच्या स्वतंत्र राहणीस साहाय्य करू पाहणाऱ्या संवेदकांचा विचार करताना हा दुसरा प्रश्न मध्यवर्ती धरला पाहिजे. कारण पडणे टाळणे यंत्राच्या हाती क्वचितच असते, पडून राहण्याचा काळ कमी करणे मात्र तत्त्वतः त्याच्या आवाक्यातले आहे.

हा काळ किती लांबू शकतो याची कल्पना इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका पाहणीवरून येते. जेन फ्लेमिंग व कॅरल ब्रेन यांनी ती २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. नव्वदी ओलांडलेल्या ११० व्यक्तींचा वर्षभर मागोवा घेतला असता त्यांपैकी ६६ जण या ना त्या वेळी पडले. या ६६ पैकी ५३ जणांना निदान एकदा तरी आपले आपण उठता आले नाही, आणि २० जण तासभर किंवा त्याहून अधिक वेळ जमिनीवर पडून होते. पडण्याच्या एकंदर २६५ नोंदींपैकी २१७ वेळा ती व्यक्ती एकटी होती. यांतील अनेकांच्या घरी मदतीची हाक देणारे साधन होते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. गळ्यात अडकवावयाची किंवा मनगटास बांधावयाची एक कळ असते. ती दाबताच दूरध्वनीवरून मदतकेंद्राला वर्दी जाते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिब्नर यांनी १९७४ साली ‘लाइफलाइन’ या नावाने अशी सेवा सुरू केली, आणि पुढे अनेक पाश्चात्त्य देशांत ती रूढ झाली. असे असूनही केंब्रिजमध्ये ज्यांना दीर्घकाळ पडून राहावे लागले त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती कळ वापरलीच नाही. अडचण निरनिराळ्या पायऱ्यांवर येत होती. काहींना साधनाची गरजच पटली नव्हती. काहींना ते अंगावर वागवण्याची सवय जडली नव्हती. आणि काहींनी ते जवळ असताही दाबले नाही, किंवा त्यांना ते दाबता आले नाही.

शेवटच्या पायरीवरचा अडथळा दूर करण्यासाठी, माणसाने कळ दाबण्याची वाट न पाहता यंत्रानेच पडणे ओळखावे, ही कल्पना पुढे आली. तिचा आधार म्हणजे त्वरणमापक. सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेला एक अतिसूक्ष्म भार तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. भार हलला की त्याच्या आणि शेजारच्या स्थिर पट्ट्यांमधील अंतर बदलते, त्याबरोबर विद्युत्‌धारकता बदलते, आणि या बदलावरून त्वरण कळते. अशी साधने १९९० नंतरच्या दशकात मोटारींतील हवेच्या सुरक्षापिशव्यांसाठी मोठ्या प्रमाणावर बनू लागली. तेथून ती स्वस्त होत होत मोबाईलमध्ये आणि घड्याळात येऊन पोहोचली. निश्चल ठेवलेला त्वरणमापक शून्य दाखवीत नाही, तर गुरुत्वत्वरणाइतके, म्हणजे एक ‘जी’ इतके मूल्य दाखवितो. मुक्तपणे खाली पडणाऱ्या वस्तूवर मात्र तो शून्याकडे झुकतो. नवख्या विद्यार्थ्यास हे उलटे वाटते, परंतु सगळी मदार याच गुणधर्मावर आहे. माणूस पडू लागला की सेकंदाच्या अंशापुरते मूल्य एक ‘जी’च्या खाली जाते, जमिनीशी आदळताच ते एकाएकी दोन-तीन ‘जी’ किंवा त्याहून वर उसळते, आणि नंतर शरीर आडवे व निश्चल राहिल्याचे दिसते. घट, उसळी आणि निश्चलता यांचा हा क्रम जुळला की यंत्र वर्दी देते. ॲपल कंपनीने २०१८ साली बाजारात आणलेल्या घड्याळात ही सोय होती: जोराचे पडणे ओळखल्यावर सुमारे मिनिटभर हालचाल दिसली नाही, तर घड्याळ आपण होऊन आपत्कालीन सेवेस हाक देते.

कागदावर ही योजना निर्दोष भासते. मग तिच्यावर पूर्णपणे विसंबता का येत नाही? पहिले कारण असे की, पडणे ओळखण्याचे बहुतेक नियम तरुण स्वयंसेवकांना प्रयोगशाळेत गादीवर पाडून बसविलेले असतात. खरा वृद्ध माणूस असा पडत नाही. तो खुर्चीचा हात पकडतो, भिंतीला टेकत घसरतो, गुडघ्यांवर येतो आणि मग कलंडतो. त्यात मुक्त पतन जवळजवळ नसते आणि आदळण्याचा जोरही बेताचा असतो. घेरी येऊन हळूहळू खाली बसणाऱ्याच्या बाबतीत तर उसळी दिसतच नाही. फाबिओ बगाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अशा १३ पद्धती २९ खऱ्याखुऱ्या पडण्यांच्या नोंदींवर तपासल्या. सरासरीने ५७ टक्के पडणीच ओळखली गेली. सर्वांत सरस पद्धतीलाही सुमारे ८३ टक्क्यांच्या पुढे जाता आले नाही. शिवाय, तीन व्यक्तींच्या एका दिवसाच्या नोंदी याच पद्धतींपुढे ठेवल्या असता खोट्या वर्दींची संख्या ३ पासून ८५ पर्यंत गेली. दिवसाकाठी तीन खोट्या हाका येऊ लागल्या तर त्या घरातील मुलगा किंवा शेजारी आठवडाभरातच फोन उचलण्याचा कंटाळा करू लागेल, हे सांगावयास संख्याशास्त्राची गरज नाही.

तथापि संख्याशास्त्राला येथे काही सांगावयाचे आहे, आणि ते दुसरे कारण होय. पडणे ही विरळ घटना आहे. एखादी व्यक्ती वर्षातून एकदा पडते असे समजा; आणि जागेपणीच्या १६ तासांत यंत्राला तासागणिक एकच संशयास्पद हालचाल तपासावी लागते असे धरा. वर्षाला अशा ५,८४० हालचाली होतात. न पडण्याला ‘न पडणे’ असे ओळखण्यात यंत्र ९९ टक्के वेळा बरोबर असले, तरीही वर्षाकाठी सुमारे ५८ खोट्या वर्दी येतील, आणि खरी एकच. ‘९९ टक्के अचूक’ हे जाहिरातीतले शब्द खरे असूनही अशा रीतीने दिशाभूल करू शकतात. खोट्या वर्दी टाळण्यासाठी उसळीची मर्यादा वाढवावी, तर हळू पडणारे निसटतात. आणि अशक्त वृद्ध नेमके तसेच पडतात.

भारतीय घरात या प्रश्नाला आणखी एक पदर येतो. पाश्चात्त्य नियमांचे गृहीत असे की, प्रौढ माणूस जमिनीच्या पातळीवर आला तर तो बहुधा पडलाच असावा. आपल्याकडे मात्र माणूस पाटावर बसून जेवतो, विळी घेऊन भाजी चिरतो, देवापुढे साष्टांग नमस्कार घालतो, नमाज पढतो, आणि दुपारी सतरंजीवर आडवा होतो. गुडघे धरलेली एखादी आजी जमिनीवर बसते तेव्हा शेवटची वीतभर उंची ती धपकन्‌च उतरते, आणि पुढे बराच वेळ हलत नाही. घट, उसळी, निश्चलता हा सारा क्रम येथे बिनचूक जुळतो. कमरेच्या पट्ट्यातील संवेदक शरीराच्या गुरुत्वमध्याजवळ असल्याने अधिक विश्वसनीय असतो हे खरे. पण लुगड्यात किंवा धोतरात तो बसवावा कोठे, हेही कोणीतरी ठरविले पाहिजे. मनगट सोयीचे असले तरी हात शरीरापासून स्वतंत्रपणे हलतो. आणि सर्वांत निसरडी जागा जी न्हाणीघर, तेथे जाताना घड्याळ काढून ठेवण्याचीच आपली जुनी सवय आहे.

पडण्याची वर्दी देणे एवढेच संवेदकांचे कार्य नव्हे. चालण्याचा वेग हे वृद्धाच्या प्रकृतीचे फार बोलके लक्षण आहे. स्टीफनी स्टुडेन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ३४,४८५ वृद्धांच्या माहितीचे जे एकत्रित विश्लेषण केले, त्यात चालण्याचा वेग आणि पुढील आयुष्यमान यांचा निकट संबंध आढळला. दवाखान्यात घड्याळ लावून एकदा मोजलेल्या चालीपेक्षा घरातल्या घरात महिनोन्‌महिने टिपलेली चाल अधिक सांगू शकेल, ही अपेक्षा वाजवी आहे. नाडी व रक्तातील प्राणवायू यांच्या मापनाबाबत मात्र सावधगिरी हवी. बोटाला चिमट्यासारखी लावावयाची प्राणवायुमापके त्वचेतून लाल व अवरक्त प्रकाश पाठवून काम करतात. २०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील तपासणीत असे दिसले की, प्राणवायूची लपलेली घट कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट वेळा या मापकांच्या नजरेतून सुटली. ही मापके रुग्णालयातील होती. घड्याळांची गोष्ट वेगळी तपासावी लागेल. सावळ्या त्वचेच्या देशात ती तपासणी झाल्याखेरीज पडद्यावरील आकड्यावर भिस्त ठेवणे बरे नव्हे.

राहता राहिला प्रश्न पाहणाऱ्याचा. वडील पुण्यास आणि मुलगा परदेशी, अशा कुटुंबात घड्याळाने टिपलेली प्रत्येक हालचाल मुलाच्या फोनवर उमटू शकते: वडील किती वाजता उठले, रात्री किती वेळा न्हाणीघरात गेले, आज फिरावयास का गेले नाहीत. हेतू काळजीचा असतो, यात संशय नाही. परंतु वडिलांना ही नजर जाचक वाटली तर ते घड्याळ टेबलाच्या खणात जाते, आणि पडण्याच्या दिवशीही ते तेथेच असते. केंब्रिजमधील वृद्धांचे वर्तन हेच सुचविते. म्हणून कोणती नोंद कोणाकडे जावी हे घालणाऱ्यानेच ठरविणे हा सौजन्याचा भाग तर आहेच, शिवाय उपकरण चालण्याची ती अट आहे. भारतात २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानेही संमतीला महत्त्वाचे स्थान दिले आहे. मात्र घरगुती नात्यांतली संमती कायद्याच्या कलमाने मिळत नाही.

संशोधकांच्या दृष्टीने अडचण आणि संधी एकाच ठिकाणी आहेत. खऱ्या पडण्यांच्या नोंदी मिळविणे हे दीर्घ मुदतीचे काम आहे: तीन वृद्धांमागे वर्षाला एक पडणे असा अंदाज धरला तर शंभर नोंदींसाठी तीनशे जणांना वर्षभर संवेदक वागवावा लागेल. युरोपातील ‘फारसीइंग’ या प्रकल्पाने २०१२ ते २०१५ या काळात अनेक संस्थांच्या सहकार्याने अशा तीनशेहून अधिक नोंदी जमविल्या. एखाद्या विद्यापीठीय विभागाला एकट्याने हे झेपणारे नाही. खोट्या वर्दींची बाजू मात्र पडण्याची वाट न पाहताही तपासता येते. पाटावर बसणे, सतरंजीवर आडवे होणे, नमस्कारास वाकणे, उकिडवे बसून उठणे यांच्या नोंदी पंधरा-वीस वृद्धांकडून त्यांच्याच घरी, त्यांच्याच वेषात काही आठवड्यांत घेता येतील, आणि प्रचलित पद्धती त्यांपैकी किती हालचालींना पडणे समजतात हे मोजता येईल. त्यासाठी लागणारा त्वरणमापक जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाईलमध्ये आज आहेच.