आठ फुटांवरून चुकणारे विजेते

जालन्यात गोल्फ दिसतो तो टीव्हीवर आणि शिकवणी वर्गांच्या भिंतींवर. टीव्हीवर क्वचित, भिंतींवर मात्र हमखास. लाल टी-शर्टातला टायगर वुड्स, आवळलेली मूठ, आणि खाली विजेते हरण्याचा विचारच करत नाहीत अशा धर्तीचं एखादं वाक्य. माझी भाची अकरावीला आहे. नीटच्या वर्गाला जाताना रोज त्या चित्राखालून जाते. चाचणीत गुण घसरले त्या आठवड्यात तिनं विचारलं, "मामा, हा माणूस कधी हरलाच नाही का?"

प्रश्न वुड्सबद्दल होता, पण तिनं स्वतःबद्दल काय ठरवून टाकलंय ते त्यात ऐकू येत होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

"अव्वल खेळाडू हरत नाहीत"

वुड्स हरला, आणि पुष्कळ हरला. अमेरिकेच्या पीजीए टूरवर त्याची ८२ विजेतेपदं आहेत, सॅम स्नीडच्या विक्रमाशी बरोबरी करणारी. तरीही तो ज्या स्पर्धांत उतरला, त्यांतल्या चारातल्या तीनहून जास्त स्पर्धा दुसऱ्याच कुणीतरी जिंकल्या. जॅक निकलॉसचा हिशेब याहून बोलका आहे. मास्टर्स, पीजीए, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन या वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना 'मेजर' म्हणतात. निकलॉस आयुष्यात १६४ मेजर खेळला. त्यांतल्या १८ जिंकला, हा आजही विक्रम आहे. आणि १९ वेळा दुसरा आला.

आपली नजर क्रिकेट आणि कुस्तीची. दोघांत एक हरतो, म्हणजे चांगल्या खेळाडूचा निम्मा वेळ तरी जिंकण्यात जावा, असं आपल्याला वाटतं. गोल्फच्या स्पर्धेत दीडशेच्या आसपास खेळाडू असतात आणि चार दिवसांनी त्यांतला सर्वांत कमी फटके लागलेला एक जिंकतो. दोन दिवसांनंतर निम्म्याहून अधिक जण गळतात, त्याला 'कट हुकणं' म्हणतात. एरवीच्या स्पर्धांत कट हुकला की बक्षिसाची रक्कम शून्य. विमानाचं तिकीट, हॉटेल आणि पिशवी वाहणाऱ्या कॅडीचा पगार मात्र खेळाडूच्याच खिशातून. जगातला पहिल्या क्रमांकाचा गोल्फर बहुतेक रविवारी हरलेला असतो, आणि गुरुवारी पुन्हा पहिल्या होलवर उभा असतो.

"मन खंबीर असलं की चेंडू होलात जातोच"

ही समजूत सर्वांत खोल रुजलेली आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू जमिनीवरून हळुवार लोटण्याच्या फटक्याला 'पट' म्हणतात. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरवरच्या लाखो फटक्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांतून निघालेले आकडे माझ्या भाचीच्या वर्गाच्या भिंतीवर लागले तर मला आनंद होईल. जगातले सर्वोत्तम व्यावसायिक आठ फुटांवरून मारलेले पट साधारण निम्म्या वेळाच घालतात. दहा फुटांवरून दहातले चार. वीस फुटांवरून शंभरातले पंधरा. आणि चार फुटांवरून, जिथून 'लहान मूलही घालेल' असं आपण टीव्हीसमोर बसून म्हणतो, तिथून साधारण आठातला एक चुकतो.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवून २०१५ सालच्या ऑक्टोबरमधला कोरियातला इंचॉनचा रविवार पाहा. प्रेसिडेंट्स कप ही अमेरिका विरुद्ध युरोप सोडून उरलेलं जग अशी सांघिक लढत. त्यात खेळणारा पहिला भारतीय होता अनिर्बान लाहिरी. त्याचा जन्म १९८७ चा, पुण्यातला, वडील सैन्यात डॉक्टर. ते वर्ष त्याचंच होतं. मलेशियन ओपन आणि इंडियन ओपन जिंकून झालं होतं, आणि पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो पाचव्या स्थानावर बरोबरीत राहिला होता. त्याआधी कुठल्याही भारतीयानं मेजरमध्ये इतकी मजल मारली नव्हती. त्या रविवारी शेवटच्या, अठराव्या होलवर त्याचा प्रतिस्पर्धी ख्रिस कर्कनं लांबून पट घातला. लाहिरीला बरोबरीसाठी चार फुटांच्या आसपासचा पट घालायचा होता. तो चुकला. त्याचा सामना गेला आणि अमेरिकेनं करंडक १५.५ विरुद्ध १४.५ असा जिंकला.

दडपण आलं, भारतीय खेळाडूचं मन ऐनवेळी कच खातं, असं निदान करायला अशा वेळी आपल्याला क्षणभरही लागत नाही. दडपण होतंच, कोण नाकारेल? पण आठातला एक चुकतोच, आणि ज्या दिवशी तो चुकतो त्या दिवसाची तारीख खेळाडूला निवडता येत नाही. चुकलेल्या प्रत्येक पटाचं खापर मनावर फोडणं हा अन्याय आहे, आणि मला तो फार लागतो, कारण मुलांच्या निकालाच्या दिवशी घराघरांत आपण हेच करतो.

ब्रॉडींच्या कामातून आणखी एक समज कोसळला. विजेता ठरतो तो पटिंगवर, म्हणजे शेवटच्या क्षणी घट्ट राहणाऱ्या मनावर, असं गोल्फमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मानलं जात होतं. नोंदी सांगतात की अव्वल आणि सामान्य व्यावसायिक यांच्यातल्या फरकाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांत असतो. वुड्सच्या आघाडीतला सर्वांत मोठा वाटा दुरून ग्रीनवर चेंडू टाकण्याचा होता. कॅमेऱ्यानं मूठ टिपली ती शेवटच्या पटानंतर. पण चेंडू होलाजवळ आणून ठेवला होता तो आधीच्या फटक्यानं, आणि त्यामागे सरावाच्या मैदानावर घालवलेल्या हजारो निनावी सकाळी-संध्याकाळी होत्या.

मग मनाचं काम काय? आहे, आणि फार मोठं आहे. आपल्या जालन्याच्या विजय झोलनं १९ वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, तेव्हा चेंडू समोरून येत होता. असा चेंडू विचाराला फुरसत देत नाही, हात आपोआप चालतात. गोल्फचा चेंडू गवतात निवांत पडलेला असतो. चार-साडेचार तासांच्या फेरीत सत्तरच्या आसपास फटके, म्हणजे प्रत्यक्ष मारणं मोजून काही मिनिटांचं. उरलेला सगळा वेळ चालणं, वाट पाहणं, आणि मागच्या होलवर काय घडलं ते डोक्यात फिरत राहणं. गोल्फरच्या मनाची परीक्षा या रिकाम्या वेळात होते.

लाहिरी विपश्यना करतो. ही साधना सत्यनारायण गोएंका यांनी इगतपुरीच्या धम्मगिरीवरून देशभर पोचवली, त्यामुळे मराठी वाचकाला ती नवी नाही. पण ध्यानानं पट चुकायचे थांबतात, असा अर्थ कुणी काढू नये. २०१७ च्या प्रेसिडेंट्स कपसाठी लाहिरीला कर्णधारानं पुन्हा निवडलं. शनिवारीच अमेरिका करंडक खिशात घालणार अशी वेळ आली असताना त्यानं आणि त्याचा जोडीदार किम सी-वू यानं आपली लढत एका होलानं जिंकून निकाल रविवारवर ढकलला. मार्च २०२२ मध्ये प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये तो कॅमेरॉन स्मिथच्या फक्त एका फटक्यानं मागे, दुसरा आला. आणि जुलै २०२४ मध्ये स्पेनमधल्या व्हाल्डेरामाला अठराव्या होलवर अगदी छोटा पट पुन्हा चुकला, आणि प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा खेळात, सर्जिओ गार्सियानं त्याला हरवलं. मनाला उद्देशून श्लोक लिहिणारे समर्थ रामदास आपल्याच जिल्ह्यातल्या जांबचे. त्यांचे मनाचे श्लोक दोनशे पाच आहेत. एकदा सांगून मन ऐकणारं असतं, तर इतके लागले नसते.

"विजेत्यांची मनोवृत्ती एकाच साच्यातली असते"

निकलॉस प्रत्येक फटक्याआधी चेंडूचा सगळा प्रवास चित्रपटासारखा डोळ्यांपुढे आणायचा. बेन होगन खेळताना चकार शब्द काढत नसे. १९४९ मध्ये त्याच्या मोटारीवर बस आदळली, तो पुन्हा चालेल का याचीच शंका होती, आणि सोळा महिन्यांनी त्यानं यूएस ओपन जिंकली. ली ट्रेव्हिनो याच्या अगदी उलट, अखंड बडबड्या. १९७१ च्या यूएस ओपनमध्ये निकलॉसविरुद्धच्या प्ले-ऑफला सुरुवात होण्याआधी त्यानं रबराचा साप काढून दाखवला. जिंकलाही तोच.

रॉरी मॅकिलरॉय २०११ च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी चार फटक्यांनी पुढे होता. त्या दिवशी तो ८० फटके खेळून कोसळला. दहा आठवड्यांनी त्यानं यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. पण मास्टर्सच्या विजेत्याचं जाकीट अंगावर यायला एप्रिल २०२५ उजाडलं, आणि त्याही दिवशी अठराव्या होलवर जवळचा पट चुकल्यावर प्ले-ऑफ खेळावा लागला. जिंकल्यावर तो गुडघ्यांवर कोसळून रडला. त्याच वर्षी ब्रिटिश ओपनच्या आधी अग्रमानांकित स्कॉटी शेफलर पत्रकारांशी बोलताना म्हणाला की विजयाचा आनंद काही मिनिटांत ओसरतो, आणि आयुष्याचं समाधान त्यातून मिळत नाही. तीच स्पर्धा त्यानं त्या आठवड्यात जिंकली. या पाचांची मनं एका भिंतचित्रात कशी बसवणार?

"चालायला लागल्याबरोबर काठी हाती हवी"

वुड्स दोन वर्षांचा असताना टीव्हीवर झळकला, ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. केल्विन पीटची कुणाला ठाऊक नसते. हा कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण गाडीत माल भरून शेतमजुरांच्या वस्त्यांवर विकायचा. गोल्फची काठी त्यानं २३ व्या वर्षी पहिल्यांदा धरली. लहानपणी मोडलेला डावा कोपर त्याला पूर्ण सरळ करता येत नसे, आणि गोल्फची पुस्तकं तर डावा हात सरळ ठेवा इथूनच सुरू होतात. त्यानं पीजीए टूरवर १२ स्पर्धा जिंकल्या आणि १९८१ पासून सलग दहा वर्षं सर्वांत अचूक ड्राइव्ह, म्हणजे होलच्या सुरुवातीचा लांब फटका, मारणारा खेळाडू तो होता. लॅरी नेल्सन व्हिएतनाम युद्धातून परतल्यावर २१ व्या वर्षी शिकला आणि तीन मेजर जिंकला. कोरियाच्या वाय. ई. यांगनं १९ व्या वर्षी सुरुवात केली. २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये शेवटच्या दिवशी वुड्स पुढे होता. अशी आघाडी घेतल्यावर वुड्स मेजर कधीच हरला नव्हता. त्या दिवशी यांगनं त्याला हरवलं.

श्रीमंतांचा खेळ, हा समज मात्र पूर्ण खोटा म्हणता येत नाही. आपल्याकडची मैदानं पुणे, चेंबूर, नागपूर, देवळालीसारख्या ठिकाणी, बहुतेक क्लबांच्या किंवा लष्कराच्या आवारात. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पिण्याचं पाणी टँकरनं येतं, तिथं तेवढं गवत हिरवं ठेवा असं मीही म्हणणार नाही. पण आत पाऊल टाकायला मिळालं की काय होतं तेही पाहावं. दिल्लीत इतरांच्या पिशव्या वाहणारा कॅडी अली शेर १९९१ आणि १९९३ मध्ये इंडियन ओपन जिंकला. महूच्या मुकेश कुमारनं एशियन टूरवरचं पहिलं विजेतेपद २०१६ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी मिळवलं. आणि पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये पोचला तो अर्जेंटिनाच्या खेळाडूनं माघार घेतल्यावर, अगदी ऐनवेळी. साठ जणांत तो ५६ वा आला. त्याच ऑलिंपिकमध्ये जगात दोनशेव्या क्रमांकावर असलेल्या अदिती अशोकचं कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं. आई तिची कॅडी होती.

हे सगळं भाचीला सांगितलं. आकड्यांवर तिचा विश्वास बसेना. मग अंगणात टेप धरून आठ फूट मोजले. गोल्फचं होल सव्वाचार इंच व्यासाचं असतं, तेवढ्या तोंडाचं भांडं आडवं ठेवलं, आणि तिनं रबरी चेंडू झाडूच्या दांड्यानं लोटायला सुरुवात केली. वीसातले तीन गेले. चेंडू गोळा करून तिनं टेप चार फुटांवर आणला. तिथून पहिले सहा गेले आणि सातवा भांड्याच्या कडेला लागून तुळशीकडे गेला. ती तो आणायला धावली.