शेजारचे दोन आमदार

बदलापूरच्या शिरगावात लग्न ठरलं की बस्ता बांधायला उल्हासनगर. बदलापूरहून लोकल पकडायची, अंबरनाथ सोडायचं, पुढच्या स्टेशनला उतरून गजानन मार्केट गाठायचं. या दोन स्टेशनांच्या अंतरात महाराष्ट्राच्या राजकारणातली एक चमत्कारिक जोडी नांदून गेली, तिच्याकडे आपल्या अभ्यासकांचं फारसं लक्ष गेलेलं नाही. १९९०, १९९५ आणि १९९९ अशा सलग तीन निवडणुकांत अंबरनाथने साबीर शेख यांना निवडून दिलं आणि उल्हासनगरने सुरेश ऊर्फ पप्पू कलानी यांना. एक मुसलमान, एक सिंधी. दोघेही अल्पसंख्य म्हणावेत असे, पण दोघांच्या पायाखालची जमीन अगदी वेगळी.

कलानींची जमीन समजायला सोपी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी पडली. युद्ध संपलं, फाळणी झाली आणि त्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेले लाखाच्या घरात निर्वासित कोंबले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून तिला नाव मिळालं. नाव बदललं तरी छावणी काही सुटली नाही. आजही तिथला माणूस पत्ता सांगतो तो ‘कॅम्प नंबर चार, बॅरेक नंबर अमुक’ असाच. एका लांबलचक बराकीत आडव्या भिंती घालून खोल्या पाडल्या गेल्या. पुढे कुणी खोलीवर माळा चढवला, कुणी मजला, कुणी शेजाऱ्याची खोली विकत घेऊन इमारतच उभी केली. मालकीची सनद कुणाच्या हातात आली, कुणाच्या नाही. बांधकामाची परवानगी हा तर पुष्कळांनी विचारलाच नाही असा प्रश्न.

अशा गावात आमदारापेक्षा नगराध्यक्ष मोठा असतो. कलानी १९८६ मध्ये नगराध्यक्ष झाले आणि १९९० मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर विधानसभेत गेले. १९९३ मध्ये टाडाखाली अटक झाली, आणि १९९५ व १९९९ च्या निवडणुका त्यांनी तुरुंगातून जिंकल्या. पहिली अपक्ष म्हणून, दुसरी रिपब्लिकन पक्षाकडून. २००४ मध्ये चौथ्यांदा आले. १९९० मधल्या एका खुनाच्या खटल्यात कल्याणच्या सत्र न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये त्यांना जन्मठेप सुनावली.

या यशाचं स्पष्टीकरण ‘दहशत’ या एका शब्दात देण्याची पद्धत आहे. दहशत नव्हती असं कोण म्हणेल? पण उमेदवार गजाआड असताना आणि मतपत्रिका गुप्त असताना तेवढ्यावर दोन निवडणुका निघत नाहीत. ज्याच्या घराचा कागद कच्चा, त्याला पालिकेत आपला माणूस लागतो, ही गोष्ट मला जास्त पटते. उच्च न्यायालयात उल्हासनगरच्या ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न गेला आणि त्या पाडायची वेळ आली, तेव्हा सरकारला २००६ मध्ये केवळ या एका शहराची बांधकामं नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. एका शहरासाठी एक कायदा! तिथल्या मतदाराला काय हवं होतं, ते यावरून कळावं.

साबीरभाईंची गोष्ट मात्र अशी सरळ सुटत नाही.

अंबरनाथ म्हणजे १०६० सालचं शिलाहारांचं शिवालय, आणि काडेपेटीचा कारखाना, दारूगोळ्याचा कारखाना यांवर वाढलेलं कामगारांचं गाव. मुसलमानांच्या मतांवर निवडून यावं अशी ही जागा नव्हे. आणि साबीर शेख उभे राहिले ते शिवसेनेकडून. १९९० ची निवडणूक सेना-भाजप युतीने उघड हिंदुत्वावर लढवली होती. सेनेचे ५२ आमदार आले, त्यांतले एक शेख. सेनेच्या सुरुवातीच्या काळापासूनचा हा कार्यकर्ता. शिवचरित्रावर आणि संतवाङ्मयावर तासन्‌तास बोलणारा वक्ता म्हणून ठाणे जिल्ह्यात त्यांचं नाव होतं, आणि ‘शिवभक्त’ हे विशेषण त्यांच्या नावाला चिकटलं होतं.

१९६६ मध्ये सेना निघाली ती मराठी माणसाच्या नोकऱ्यांसाठी. त्या दारातून मराठी बोलणारा मुसलमान सहज आत येऊ शकत होता. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीनंतर दारावर हिंदुत्वाची पाटी लागली; साबीरभाई आधीच घरात होते, ते तिथेच राहिले. त्यांना मत देणाऱ्याला यात विसंगती वाटली नसावी. शिवाजी महाराजांवर आपल्यापेक्षा जास्त जाणणारा माणूस परका कसा, असा तो हिशोब. बॅरिस्टर अंतुल्यांनी मुख्यमंत्री असताना कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं, भवानी तलवार आणायची घोषणा केली, तेव्हाही हाच हिशोब होता. महाराष्ट्रात मुसलमान पुढाऱ्याला मोठं व्हायचं तर महाराजांच्या दरबारातून जावं लागतं. हिंदू पुढाऱ्यालाही लागतंच म्हणा, पण त्याला कुणी दाखला मागत नाही.

१४ मार्च १९९५ रोजी शिवाजी पार्कवर मनोहर जोशींचा शपथविधी झाला आणि शेख त्या सरकारात कामगार मंत्री झाले. कामगारांच्या गावाला कामगार खातं; निवड चांगलीच होती. पण याच सरकारने जानेवारी १९९६ मध्ये मुंबईच्या दंगलींची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा नेमला आणि १९९८ मध्ये अहवाल आल्यावर त्याचे निष्कर्ष नाकारले. इकडे मतदारसंघाच्या उशाशी मलंगगड. गडावर हाजी मलंग बाबांचा दर्गा, तिथली व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे, आणि गडावर हिंदूंचा हक्क सांगत सेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघ्यांनी सुरू केलेली माघी पौर्णिमेची यात्रा. अशा पक्षात, अशा जिल्ह्यात मुसलमान मंत्री असणं म्हणजे काय, ते साबीरभाईंनाच ठाऊक. पक्षाला मात्र त्यांचा उपयोग नेमका ठाऊक होता: सेना मुसलमानांच्या विरोधात नाही, हे सांगायला एक नाव हाताशी होतं.

इथेच दोघांच्या वाटा फुटतात. कलानींनी पक्ष बदलले, पण जमीन आपली होती. ते २००९ मध्ये भाजपच्या कुमार आयलानींकडून हरले. २०१४ मध्ये पत्नी ज्योती कलानी राष्ट्रवादीकडून आमदार झाल्या. २०१८ मध्ये सून पंचम महापौर झाल्या. २०२४ मध्ये मुलगा ओमी उभा राहिला आणि पुन्हा आयलानीच जिंकले. लढत सिंध्याची सिंध्याशी, आणि घराणं हरतानाही रिंगणात.

शेखांची मतं पक्षाची होती. ती त्यांच्या मागे कुठेही जाणार नव्हती, आणि त्यांनीही पक्ष सोडला नाही. २००४ मध्ये अंबरनाथची जागा राष्ट्रवादीच्या किसन कथोऱ्यांनी घेतली. पुढची वर्षं आजारपणात, कल्याणजवळच्या कोनगावात गेली. ऑक्टोबर २०१४ मध्ये, ऐन विधानसभेच्या धामधुमीत ते वारले. राजकारणात घराणं नाही, वारस नाही. सेनेच्या तिकिटावर दुसरा मुसलमान आमदार यायला २०१९ उजाडलं. सिल्लोडचे अब्दुल सत्तार, तेही मूळचे काँग्रेसचे आणि स्वतःची मतं घेऊन आलेले. हिशोब कलानींच्या जातीचा, शेखांच्या नव्हे.

२००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघाचीही मोडतोड झाली. बदलापूर आज मुरबाडमध्ये मोजलं जातं, त्यामुळे शिरगावकर मत देतो ते मुरबाडच्या आमदाराला. अंबरनाथ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार मुसलमान अनुसूचित जातीत मोडत नाही. साबीर शेख आज असते, तर पक्षाने तिकीट दिलं असतं तरी त्यांना अंबरनाथमधून अर्ज भरता आला नसता.