आठ खाटा, आठ वल्ली

पहाटेचे चार. आठ खाटांच्या डॉर्ममध्ये सात जण झोपलेत आणि आठवा सॅक भरतोय. दिवा लावायचा नाही, एवढी रीत त्याला ठाऊक आहे. पण त्याचं सगळं सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत. एकेक पिशवी कुरकुरते, वरच्या बंकवर कुणीतरी चरफडत कूस बदलतं, कोपऱ्यातलं घोरणं क्षणभर थांबतं आणि पुन्हा सूर धरतं. बॅकपॅकर हॉस्टेलात राहिलेल्या माणसाला हा प्रसंग ऐकवायला जावं, तर त्याच्याकडे याहून भारी किस्सा तयार असतो.

मराठीत अशा माणसांना वल्ली म्हणतात. हॉटेलात सहसा न भेटणाऱ्या या वल्ली हॉस्टेलात मात्र हमखास भेटतात. याचं पहिलं कारण हिशेबाचं. इथे खोली नाही, खाट भाड्याने मिळते. त्यामुळे खिशात पैसे कमी पण हाताशी वेळ भरपूर, अशी मंडळी इथेच मुक्काम ठोकतात. त्यात स्वयंपाकघर एकच, टेबलही एकच. मीठ मागायच्या निमित्ताने बोलणं सुरू होतं आणि भांडी घासून होईपर्यंत समोरच्याची अर्धी जीवनकथा ऐकून झालेली असते.

हॉस्टेलची कल्पना ज्याला सुचली तोही शिक्षकांमधला एक वल्लीच होता. जर्मनीतले रिशार्ड शिरमान वर्गापेक्षा रानात शिकवण्यात रमायचे. १९०९ च्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पायी निघाले असताना वादळाने गाठलं आणि सगळ्यांनी एका गावातल्या रिकाम्या शाळेत गवतावर रात्र काढली. सुट्टीत ओस पडणाऱ्या शाळा प्रवासी मुलांसाठी का उघडू नयेत, हा विचार त्याच रात्रीचा. पुढे १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमस्वरूपी हॉस्टेल सुरू झालं. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या नाताळात, आघाडीवरचे जर्मन आणि फ्रेंच सैनिक बंदुका बाजूला ठेवून एकमेकांना खाऊ देताना शिरमान यांनी पाहिले. देशोदेशींच्या तरुणांना भेटायला जागा हवी, हे त्यांच्या मनाने तेव्हापासून घेतलं.

अनोळखी माणसापाशी जीभ सैल का सुटते, याचा शोध अमेरिकन मानसशास्त्रज्ञ झिक रुबिन यांनी बोस्टनच्या विमानतळावर घेतला. हस्ताक्षराचा नमुना हवा, असं सांगून त्यांचे सहकारी प्रवाशांना आधी स्वतःबद्दलचा मजकूर दाखवत. तो खासगी असला, की प्रवासीही सहसा अधिक मोकळेपणाने लिहीत. १९७५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्याची पुन्हा गाठ पडणार नाही, त्याच्यासमोर लाज कसली? घरी जे ‘वेड’ म्हणून झाकून ठेवलेलं असतं, ते डॉर्ममध्ये पहिल्याच रात्री बाहेर येतं.

काही वल्ली तर प्रवास सोडून वाटेतल्याच एखाद्या गावात रुजल्या. १९६० च्या दशकात युरोपातून इस्तंबूल, काबूल करत भारत-नेपाळकडे निघालेल्या हिप्पींच्या लोंढ्याबरोबर यर्टवर्ड माझामानियन नावाचा अमेरिकन गोव्यात आला. कधीकाळी जॅझ वाजवणारा, उजव्या हाताला तीनच बोटं असलेला. म्हणून जगभरच्या भटक्यांमध्ये तो ‘एट फिंगर एडी’. स्वतः फारसं काही बाळगून नव्हता, तरी त्याच्याकडे कुणीही यावं, पथारी टाकावी, वाटीभर काहीतरी खावं. हणजुण्याच्या प्रसिद्ध फ्ली मार्केटच्या सुरुवातीचं श्रेयही त्यालाच दिलं जातं. २०१० मध्ये तो गोव्यातच वारला.

आज गोव्यापासून मनालीपर्यंत हॉस्टेलं झाली आहेत. २०१३ मध्ये जोधपूरमधून सुरू झालेल्या झॉस्टेलसारख्या साखळ्यांमुळे ‘डॉर्म’ हा शब्द मराठी घरांतही पोहोचला. आता लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करणारेही डॉर्ममध्ये राहतात. कानात हेडफोन, गप्पा बंद. तरी स्वयंपाकघरात एक फळी बहुतेक ठिकाणी असते, जाणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या वस्तूंची. अर्धा पुडा पास्ता, चिमूटभर हळद, भलत्याच भाषेतलं लेबल लावलेली बाटली. तिच्यात नेमकं काय आहे, ते विचारायला कुणीतरी शेजारच्याला हाक मारतं.