मेणात बसविलेले शास्त्र

तंजावर म्हटले की आपणांस व्यंकोजीराजे आणि सरफोजीराजे आठवतात. त्या नगरापासून सुमारे १३ किलोमीटरांवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु हे क्षेत्र आहे. संतकवी त्यागराज (१७६७–१८४७) यांची समाधी तेथे असून दरवर्षी पौष वद्य पंचमीस शेकडो गायक-वादक जमून त्यांची पंचरत्न कीर्तने एकत्र गातात. आपण कधी तेथे गेलात आणि तंजावरी वीणा जवळून पाहावयास मिळाली, तर तिचे पडदे अवश्य निरखावेत. शास्त्रातील नियम प्रत्यक्ष वस्तूत कसा उतरवावा, याचा तो उत्तम पाठ आहे.

पूर्वी राग बदलला की वीणेचे पडदे सरकवावे लागत. सतराव्या शतकात रघुनाथ नायकाच्या काळी, त्याचे प्रधान गोविंद दीक्षित यांनी सप्तकातील १२ स्वरस्थानांप्रमाणे दोन सप्तकांचे २४ पडदे कायम केले, असे परंपरा सांगते. त्यांचे पुत्र वेंकटमखी यांनी याच १२ स्थानांवरून ७२ मेळांची मांडणी केली. पंडित भातखंडे यांना आपल्या दहा थाटांची व्यवस्था लावताना हीच मेळपद्धती उपयोगी पडली.

आता पडदा नेमका कोठे बसवावा? शास्त्राचे उत्तर सोपे आहे. हिशेबासाठी तार ३६ इंच धरू. घोडीपासून २७ इंचांवर मध्यम, २४ इंचांवर पंचम आणि १८ इंचांवर वरचा षड्ज मिळतो.

परंतु बोटाने दाबताच तार किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो. शिवाय वाजवावयाच्या चारही तारांची जाडी सारखी नसते. म्हणजे केवळ मोजपट्टीवर विसंबून पडदा ठोकून टाकला, तर वीणा बेसूर व्हावयाची. आणि पडदे कायमचे असल्यामुळे ती चूक प्रत्येक रागात ऐकू यावयाची!

म्हणून कारागीर खिळा वापरीत नाही. फणसाच्या लाकडाच्या दांडीवर तो मेण व कोळशाची पूड यांच्या मिश्रणाचा थर देतो आणि त्यात धातूचे पडदे रोवतो. मेण मऊ आहे तोवर तार छेडून, कान देऊन, एकेक पडदा केसभर मागेपुढे करतो. कालांतराने उष्णतेने व वादनाने पडदे ढळले, तर मेण पुन्हा बसवता येते. आपल्या मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, म्हणून ते वादकच सरकवू शकतो. उपाय निराळा, पण हेतू तोच.

मोजमाप न करता केवळ कानावर भिस्त ठेवणाऱ्याला चोवीस पडदे जुळवताना फार सायास पडतील. आणि मोजमापापाशीच थांबणाऱ्याची वीणा सुरात लागणार नाही. शास्त्र जागा दाखविते, अनुभव ती पक्की करतो. जाणता शिंपी मापाप्रमाणे कापड बेततो, परंतु शिवणीत थोडी माया ठेवतो, ती याचसाठी. घरातील फळी असो वा गावातील शाळेची इमारत, आराखडा काढताना आपणही दुरुस्तीपुरती ही माया राखून ठेवावी.