हृदयाची नवी झडप

मानवी हृदय हें मुठीएवढें, परंतु अहोरात्र चालणारें यंत्र होय. एका दिवसांत त्याचे सुमारें १,००,००० ठोके पडतात. रक्त पुढें जावें व मागें परतूं नये म्हणून त्यांत चार झडपा असतात. त्यांपैकीं महारोहिणीच्या मुखाशीं असलेली तीन पाकळ्यांची झडप पुष्कळदां वार्धक्यांत बिघडते. तिच्यावर चुन्याचे क्षार सांचतात व गंजलेल्या बिजागरीच्या दाराप्रमाणें ती पुरती उघडत नाहीं. मग धाप लागते, छातींत दुखतें, भोंवळ येते. औषधानें हे क्षार विरघळत नाहींत. झडपच बदलावी लागते.

ही शस्त्रक्रिया १९६० पासून होत आली आहे. तीसाठीं छातीचें हाड कापावें लागतें, हृदय थांबवावें लागतें आणि रक्ताभिसरणाचें काम तेवढा वेळ यंत्राकडे सोंपवावें लागतें. अतिवृद्ध व क्षीण रोग्यांना हें कसें सोसावें?

फ्रान्समधील रूआँ येथील डॉ. आलँ क्रिबिये यांनीं १९८५ सालीं अशा झडपेंत फुगा फुगवून तिचें द्वार रुंद केलें. परंतु तें कांहीं महिन्यांत पुन्हां आकसे. डेन्मार्कमध्यें डॉ. हेनिंग अँडरसन यांनीं १९८९ सालीं जाळीदार नळींत शिवलेली झडप डुकराच्या हृदयांत छाती न उघडतां बसविली. पुढें १६ एप्रिल २००२ रोजीं क्रिबिये यांनीं मरणोन्मुख अशा ५७ वर्षांच्या रोग्यास तशीच झडप बसविली. ती उत्तम चालली. रोगी मात्र इतर व्याधींमुळें सुमारें चार महिन्यांनीं निवर्तला. तथापि मार्ग सांपडला होता.

आज बहुधा जांघेंतील रोहिणींतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. मिटलेली झडप क्ष-किरणांच्या साहाय्यानें जागेवर आणतात. रक्ताच्या लोंढ्यानें ती सरकूं नये म्हणून पुष्कळदां हृदयाचे ठोके क्षणभर मुद्दाम अतिजलद करतात व फुगा फुगवितात. जुन्या पाकळ्या कडेला दाबल्या जातात आणि नवी झडप तत्काळ काम करूं लागते. अनेक रोगी थोड्याच दिवसांत घरीं जातात. तरी हा उपाय सर्वांसाठीं नाहीं. कांहींना पक्षाघाताचा धोका संभवतो, आणि प्राण्याच्या ऊतीची झडप कालांतरानें झिजते.

विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानीं ठेवावी. आपल्या देशांत झडपा केवळ वार्धक्यानेंच बिघडतात असें नाहीं. बालपणीं जंतूंमुळें घसा सुजतो, त्याकडे दुर्लक्ष झाल्यास कधीं संधिवाताचा ताप येतो आणि तो झडपांस कायमचा अपाय करतो. वेळींच वैद्याकडून पेनिसिलिनसारखें औषध घेतल्यास हें संकट टळतें. नवी झडप लाभणें हें भाग्यच. परंतु जन्मतः मिळालेली जपणें हें त्याहून सोपें आहे.